दोरी मुलांच्या हाती

स्काउटच्या तासाला आठवीतला संघनायक पाचवीतल्या मुलाला क्लोव्ह हिच ही काठीला दोरी बांधायची गाठ शिकवतोय. पहिला वेढा जमतो, दुसरा उलटा पडतो, दोरी काठीवरून घसरते. शेजारी उभ्या सरांचे हात शिवशिवतात. त्यांनी ते आवरावेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

१९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी पहिलं स्काउट शिबिर भरवलं, तेव्हाच मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकावर त्यांच्यातलाच एक नायक नेमला होता. ही संघपद्धती म्हणजे स्काउटिंगचा पायाच. सहा ते आठ जणांचा संघ, आणि पुढचा कार्यक्रम ठरवायचा तो सगळ्या संघनायकांनी एकत्र बसून. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत मात्र स्काउटचा तास म्हणजे शिट्टी, कवायत आणि २६ जानेवारीच्या संचलनाची तयारी. गणवेश मुलांचा, निर्णय सरांचा!

मुलांनी चालवलेली बैठक लांबेल, खेळात भांडणं होतील. होऊ द्यावीत. पाणी, विस्तव, रात्रीचा मुक्काम असेल तिथे मोठ्यांनी लक्ष ठेवायलाच हवं. बाकीचं मुलांना निस्तरू द्यावं. पुढची बैठक कोणत्या संघाने घ्यायची, एवढं तरी याच आठवड्यात मुलांवर सोपवा.