आभाळात साडेबारा टक्के

फ्लॅट झाला, गाडी झाली, गोव्याच्या तीन ट्रिपा झाल्या. ईएमआयच्या पलीकडेही आयुष्य असतं, असं ज्यांना अजून वाटतं त्यांच्यासाठी या आठवड्याचा फंडा: विमान घ्या! अख्खं नाही हो. एक अष्टमांश.

हसू नका. हा अंबानी-टाटांचा विषय नाही. अमेरिका-ब्रिटनमध्ये शिक्षक, डेंटिस्ट, गॅरेजवाले असे साधे नोकरी-धंदा करणारे लोक असंच विमान घेतात. सहा-आठ जण पैसे काढतात, एक सेकंडहॅण्ड फोर सीटर घेतात आणि पाळी लावून उडवतात. आपल्याकडची भिशी, फक्त तिला पंख!

यामागचं लॉजिक सॉलिड आहे. छोट्या विमानाचा बराचसा खर्च ते उडवण्यात होत नाही, नुसतं सांभाळण्यातच होतो. हँगरचं भाडं, इन्शुरन्स, दरवर्षीची तपासणी, इंजिनिअरची फी, सगळं ते उडो वा न उडो, चालूच. समजा, हा खर्च वर्षाला बारा लाख येतो. तुम्ही एकटे मालक आणि वर्षाला पन्नास तास उडता, तर पेट्रोल सोडून तासाला चोवीस हजार. आठ मालक, प्रत्येकी पन्नास तास, तर तासाला तीन हजार. आकडे कल्पनेतले आहेत, पण भागाकार खरा आहे. शिवाय रोज उडणारं इंजिन गंजत नाही. घरातल्या ट्रेडमिलचं काय होतं, ते आठवा.

श्रीमंतांनी हीच आयडिया जेटला लावली. रिचर्ड सांतुली या मूळच्या गणितज्ञाने १९८६ मध्ये अमेरिकेत नेटजेट्सची स्कीम काढली. विमानाचा सोळावा हिस्सा घ्या, वर्षाला पन्नास तास वापरा. वॉरन बफेंच्या कंपनीला हे गणित इतकं पटलं, की १९९८ मध्ये तिने अख्खी कंपनीच विकत घेतली. आपल्याकडेही २०२३ मध्ये केंद्र सरकारने चार्टर विमानांसाठी अशा वाटणीची वाट मोकळी करण्याची घोषणा केली. पण ती बिझनेस जेटवाल्यांची गोष्ट. तिथे तुम्ही मागे बसून ज्यूस पिता. मी बोलतेय ते स्वतः पुढे बसण्याबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, पनवेलला बसून हिला हे सुचलं कुठून? अहो, वाट्याचं गणित पनवेलकराला शिकवायला लागत नाही. इथे रिक्षावाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना एक आकडा पाठ असतो: साडेबारा टक्के. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या वेळी हा आकडा साडेबावीसवर गेला. साडेबारा टक्के म्हणजे बरोबर एक अष्टमांश. आठ जणांच्या विमानात एकाचा वाटा असतो, तेवढाच!

हे माझ्या डोक्यात घातलं एका मित्राने. विमानतळासाठी उठलेल्या गावांपैकी एका गावचा. उलव्याचा डोंगर सपाट होताना त्याने पाहिलाय. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली. जिथे त्याच्या आजोबांची भातशेती होती, तिथून आता बोइंगं उडतात. जमिनीच्या पैशांतून आजूबाजूच्या पोरांनी स्कॉर्पिओ घेतल्या, फॉर्च्युनर घेतल्या. याने जाहीर केलं, ‘मी विमान शिकणार आणि सात जण गोळा करून एक छोटं विमान घेणार.’ त्याचे बाबा शांतपणे म्हणाले, ‘जमिनीतला वाटा मिळायला आमची अर्धी हयात गेली. तुला आभाळात पाहिजे?’

बाबांचा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही, म्हणून मी जरा खोदकाम केलं.

पहिली पायरी लायसन्स. प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी वय किमान १७, मेडिकल, लेखी परीक्षा आणि कमीत कमी ४० तासांचं उड्डाण. या लायसन्सवर पैसे घेऊन कुणाला फिरवता येत नाही. म्हणजे विमान हा साइड बिझनेस नव्हे, शुद्ध शौक!

दुसरी पायरी विमान. या दुनियेतली मारुती ८०० म्हणजे सेसना १७२. पहिलं उड्डाण १९५५ मधलं, आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेग, तासाला तीसेक लिटर पेट्रोल. पेट्रोल म्हणजे पंपावरचं नाही, एव्हगॅस. ते आपण वर्षानुवर्षं बाहेरून आणत होतो. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. आणि सीटा चार असल्या तरी टाकी फुल केली, की माणसं आणि सामान मिळून जेमतेम अडीचशे किलो वजन उचलता येतं. म्हणजे तीन माणसं आणि एक बॅग. कोणाला घरी ठेवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तिसरी पायरी कागद, आणि ती सगळ्यात उंच. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात? २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात त्यांचं विमान सगळ्यांनी पाहिलं, पण नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडायला २०२० साल. तयार विमान घेणाऱ्याचं एवढं होत नाही, तरी डीजीसीएची नोंदणी, उड्डाणयोग्यतेचा दाखला, दरवर्षीचा रिव्ह्यू हे सगळं आलंच.

चौथी पायरी ऐकून मित्राचा चेहरा पडला. विमान ठेवायचं कुठे? घराशेजारी ३,७०० मीटरची धावपट्टी आहे, पण ती मोठ्या विमानांसाठी. तिथल्या रांगेत आपली सेसना म्हणजे एक्स्प्रेस-वेवर सायकल. १९२८ साली स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लबसुद्धा जुहूच्या गर्दीतून शिकवण्यासाठी धुळ्याला गेला. म्हणजे पनवेलच्या माणसाने आपल्या विमानात बसायला आधी सहा-सात तास गाडी चालवायची. वरून पावसाळा! जून ते सप्टेंबर ढग खाली आले, की छोट्या विमानाचे बरेचसे दिवस हँगरमध्येच जातात. हप्ते मात्र चालू.

मग कशाला करायचा हा उपद्व्याप?

धुळ्याला एकदा ट्रेनरच्या मागच्या सीटवर बसले होते, तेव्हाचं सांगते. दार पद्मिनी टॅक्सीसारखं खटकन लागतं. केबिनमध्ये पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास. मग इंजिन ओरडायला लागतं आणि ताशी शंभरच्या आसपास विमान जमीन सोडतं. एक्स्प्रेस-वेवर सपाटीला गाडीची मर्यादा तेवढीच आहे. ज्या वेगाला आपण लोणावळ्याच्या वड्याचा विचार करत असतो, त्या वेगाला ही माणसं उडतात! खाली शेतांचे तुकडे दिसतात. बांध दिसतात, मालक दिसत नाहीत. अशा विमानातून कर्नाळ्याचा अंगठा, प्रबळगड आणि पनवेलची खाडी एका नजरेत कशी दिसेल, याचा मी तेव्हापासून विचार करतेय.

पण खरी मजा मला हँगरमध्ये कळली. तिथल्या इंजिनिअरने सांगितलं, ‘मॅडम, शेअरिंगमध्ये विमान बिघडत नाही, माणसं बिघडतात.’ लँडिंग जरा जोरात झालं, चाकाला दणका बसला, तर वहीत स्नॅग लिहायचा. लाज वाटली म्हणून लिहिला नाही, तर दुसऱ्या दिवशी ते विमान उडवणारा तुमचा पार्टनर त्या लपवलेल्या दणक्यावर बसून वर जातो. फ्लॅटच्या सोसायटीत मेंटेनन्स बुडवला, तर लिफ्ट बंद पडते. इथे भागीदाराचा जीव जातो. म्हणून सुरुवातीलाच सगळं कागदावर हवं. कुणी किती तास, वीकेण्ड कुणाचा, बाहेर पडणाऱ्याचा वाटा कोण घेणार. इंजिन साधारण दोन हजार तासांनी उघडावं लागतं, त्यासाठी प्रत्येक तासामागे बाजूला पैसे टाकायचे. आणि भागीदार कसा निवडायचा? ज्याने उडवलेल्या विमानात तुम्ही तुमच्या आईला बिनधास्त बसवाल, तोच.

माझ्यासारख्या, तीन महिन्यांनी चेक येणाऱ्या फ्रीलान्सरला अष्टमांशही परवडणार नाही. मित्राने मात्र धुळ्याला नाव घातलंय. विमान नंतर, आधी लायसन्स. बाबांनी फीचा पहिला चेक सही करून दिला आणि एकच अट घातली: जमीन विकायची नाही, भाड्याच्या पैशांत जेवढं होईल तेवढंच. आतापर्यंत त्याचे अकरा तास झालेत.

उरलेले सहा जण अजून सापडायचे आहेत. स्नॅग लिहायची लाज न वाटणाऱ्यांनी विचार करायला हरकत नाही.