चांदीचे शस्त्र मोज्यांत उधळायचे काय?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. याच समूहाच्या ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकातील २०१० च्या निबंधाने नवी दिल्लीचे नाव लावलेले एक प्रतिरोधक जनुक जगभर गाजविले, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला तो नावावरून. नाव खटकणे स्वाभाविकच होते. पण पुढच्याच वर्षी ते जनुक राजधानीतील नळाच्या पाण्यात सापडले, त्याचा संताप कोणाला आला?

आता चांदीच्या सूक्ष्मकणांकडे तारणहार म्हणून बोट दाखविले जात आहे. १०० नॅनोमीटरहून लहान असलेल्या या कणांतून चांदीचे आयन सुटतात. ते जिवाणूचे आवरण फोडतात, त्याच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटून ती निकामी करतात. पेनिसिलिनचा मारा एकाच मर्मावर, चांदीचा अनेक मर्मांवर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी तर कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून असे कण घडविले. तो निबंध २००४ चा. ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ असे म्हणणारे अशा वेळी हमखास पुढे सरसावतात. बाळाला चांदीच्या वाटीतून भरविणाऱ्या आजीचा अनुभव मोलाचा खराच. परंतु कणाचा आकार, मात्रा आणि विषारीपणा त्या वाटीत मोजता येत नाही.

आणि येथेच खरी मेख आहे. न्यूमोनियाच्या रुग्णाला प्रतिजैविकाऐवजी हे कण टोचावेत, अशी स्थिती आज नाही. जखमेची पट्टी, मूत्रनलिकेचा लेप, पाणी गाळण्याचे साधन, ही त्यांची खरी क्षेत्रे. ‘जिवाणू चांदीला सरावतच नाहीत’ हा प्रचारही खोटा. अमेरिकेतील बॉस्टनच्या एका इस्पितळात जळीत रुग्णांच्या कक्षात चांदीच्या औषधाला न जुमानणारा साल्मोनेला आढळल्याचे १९७५ मध्येच प्रसिद्ध झाले. वारंवार मारा झाल्यावर ई. कोलाय जिवाणू आपल्या शेपटीतील प्रथिनाने या सूक्ष्मकणांचे गोळे करून त्यांना निष्प्रभ करतो, हे २०१८ साली दिसून आले.

असे असताना हे शस्त्र कोठे खर्ची पडत आहे? मोजे, टूथब्रश, धुलाईयंत्रे! घामाचा वास जावा म्हणून वापरलेली चांदी गटारातून नदीत जाते, आणि तेथील जिवाणूंना थोड्या थोड्या मात्रेत सराव करून देते. अपुऱ्या मात्रेचा हाच धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिनबाबत सांगितला होता. तो दुर्लक्षिला गेला. प्रभावी प्रतिजैविके चिठ्ठीविना विकू नयेत, असा ‘एच-१’ परिशिष्टाचा नियम आपल्याकडे २०१४ मध्ये लागू झाला. औषधदुकानात तो किती पाळला जातो, हे गिऱ्हाइकाला पुरते ठाऊक आहे. चांदीच्या मोज्यांना तर तेवढाही नियम नाही. जळीत रुग्णाच्या पट्टीसाठी ही चांदी राखून ठेवायची, की बाजाराला उधळू द्यायची, याचा निर्णय आरोग्य मंत्रालयाने घ्यावयाचा आहे. मोजे विकणाऱ्याने नव्हे.