शिंपल्यांच्या खिडक्या : वारसा सर्वांचा, खर्च कोणाचा?

चवथ जवळ आली की गोव्यात घरे रंगवायला निघतात आणि जुन्या घरांत खिडक्यांचा विषय हमखास निघतो. पावसाने फुगलेली झडप लागत नाही, चौकटीची खालची पट्टी कुजलेली असते, दोन-चार शिंपले गळून तिथे पुठ्ठा लावलेला असतो. मग कोणीतरी म्हणतो, "काढून टाकूया, ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू." दोन दिवसांत काम होते. शंभर वर्षांची खिडकी भंगारवाल्याच्या टेम्पोत जाते. प्रश्न एकेका घराचा वाटतो, पण त्यामागे कायदा, वाटणी आणि समुद्र अशा तीन गोष्टी आहेत.

काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळात इथल्या कारागिरांनी खाडीतल्या एका चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याचा उपयोग केला. शास्त्रीय नाव प्लॅक्युना प्लॅसेंटा. तो कापून चौकोनी तुकडे करायचे आणि सागवानी पट्ट्यांच्या खाचांत एकाखाली एक सरकवायचे. उन्हाचा झगमगाट अडतो, मऊ दुधाळ उजेड आत येतो आणि फटींतून थोडा वारा खेळता राहतो. आपल्या हिंदू घरांत उजेड मुख्यतः राजांगणातून येई. तरी दर्शनी बाजूला अशा खिडक्या अनेक घरांत बसल्या. १९८६ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या जुन्या गोव्याच्या चर्चांतही त्या आहेत. म्हणजे हा कोण्या एका धर्माचा नव्हे, या मातीचा वारसा आहे.

हा शिंपला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आला. तेव्हापासून खाडीत उतरून विनापरवाना नवे शिंपले काढणे बंद आहे, आणि ते योग्यही आहे. बांबोळीजवळच्या नावशीच्या खाडीत त्याची वस्ती आहे. तिथल्या मरिना प्रकल्पाला ग्रामस्थांनी विरोध केला तेव्हा मासेमारीबरोबर या शिंपल्याचाही मुद्दा पुढे आला. पण याचा दुसरा अर्थ असा की जुन्या घरांत आज जे शिंपले आहेत, तोच आपला साठा. बाहेरून आणायचे तर फिलिपिन्समध्ये हाच शिंपला 'कापिझ' नावाने विकला जातो. तो महाग पडतो आणि कागदपत्रे चोख लागतात. म्हणून पाडलेल्या घराबरोबर फेकलेला प्रत्येक शिंपला कायमचा गेला असे समजावे.

मग लोक खिडक्या का काढतात? आवड बदलली, एवढेच कारण नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगे-मुली सर्वांना हिस्सा आहे. तत्त्व चांगलेच आहे, पण तीन पिढ्यांनंतर एका घराचे वीस-पंचवीस वाटेकरी होतात. राहणारा एक, सही लागणारे वीस. मोठी दुरुस्ती लांबते आणि शेवटी हाताला येईल ते स्वस्त काम होते. दुसरे कारण वातानुकूलन : फटींची खिडकी गारवा धरत नाही. तिसरे, सागवानाची खाच नीट काढणारा सुतार आता शोधावा लागतो.

बदलाची किंमत मात्र भिंत मोजते. चिऱ्याची भिंत आणि चुन्याचा गिलावा ओल शोषतात आणि हळूहळू बाहेर टाकतात. त्यात घट्ट बंद होणारी खिडकी आणि भोवती सिमेंट आले की ओल आतच राहते. मग बुरशी, पोपडे आणि शेवटी वाळवी. पावसाळाभर बंद असलेल्या खोलीला येणारा कुबट वास अनेकांच्या ओळखीचा आहे.

याचा अर्थ जुन्या खिडकीला हातच लावू नये, असा नाही. बहुतेक वेळा कुज खालच्या आडव्या पट्टीपुरतीच असते. तेवढा भाग कापून जुन्याच सागवानाचा जोड देता येतो. अख्खी चौकट बदलावी लागत नाही. शिंपले ओल्या फडक्याने पुसावेत. ॲसिड किंवा लिंबू कधीही लावू नये, कारण शिंपला चुनखडीचाच असतो, तो विरघळतो. त्यावर रंगही देऊ नये. डासांसाठी जाळी आणि एसीसाठी काच हवीच असेल, तर ती आतल्या बाजूने, काढता येईल अशा वेगळ्या चौकटीत बसवावी. बाहेरची खिडकी जशीच्या तशी राहते आणि उद्या कोणाला मूळ रूप हवे असेल तर वाट मोकळी असते.

नियमांचे काय? पणजीच्या फोंताइन्हाससारख्या संरक्षित भागात दर्शनी बाजू बदलायला परवानगी लागते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. तिथे दुरुस्तीलाही आधी परवानगी हवी. या तरतुदी आवश्यक आहेत. पण रस्त्यावरून फोटो काढणारे पर्यटक, त्या फोटोंवर चालणारी हॉटेले आणि राज्याची जाहिरात या सर्वांना ज्या खिडकीचा फायदा होतो, तिच्या सुताराचे बिल बहुधा घरात राहणारी एखादी म्हातारी मावशीच भरते. 'नाही' म्हणणारी यंत्रणा असेल, तर मदत करणारीही हवी. घरपट्टीत सवलत, कारागिरांना प्रशिक्षण, पाडकामातून निघालेल्या शिंपल्यांची आणि सागवानाची एक साठवण जागा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. यांपैकी एकही गोष्ट अवाढव्य खर्चाची नाही.

सरकारची वाट न पाहता आपण सभासदही काही करू शकतो. चवथीला सगळे वाटेकरी एकत्र येतातच. आरतीनंतर अर्धा तास घराच्या खिडक्या मोजाव्यात, फोटो काढावेत आणि दरवर्षी एक खिडकी दुरुस्त करायची, खर्च हिश्श्याप्रमाणे वाटायचा, असे ठरवावे. घर पाडायचेच ठरले असेल तर शिंपले भंगारात न देता ज्यांना दुरुस्तीला हवे आहेत त्यांना द्यावेत. तुमच्या गावात असे काम जाणणारे मेस्त असतील तर मंडळाला कळवा. त्यांचे हात चालू राहिले, तरच पुढच्या चवथीला 'काढून टाकूया' याला दुसरे उत्तर देता येईल.