नफा कंपनीचा, तोटा मात्र पोरांचा!

संगणकावरच्या खेळातली बंदूक खोटी असते, तिने कोणी मरत नाही. पण त्या बंदुकीवरच्या नक्षीसाठी मोजलेला पैसा खरा असतो, आणि तो लुबाडला गेला म्हणजे बसणारा चटकाही खराच असतो! २०१३ साली व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात ‘स्किन’ नावाची ही नक्षी आणली, आणि पाहता पाहता मैदानाचा बाजार झाला. बाजार आला की भामटे आलेच. कोणी कंपनीचा कारभारी असल्याची बतावणी करतो, कोणी हुबेहूब खोटे संकेतस्थळ उभारून खात्याचा पासवर्ड हस्तगत करतो, आणि वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह क्षणार्धात नाहीसा होतो. आपल्या ‘स्टीम’ या पेठेत दरमहा सुमारे ७७,००० खाती लुटली जातात, अशी कबुली खुद्द व्हॉल्व्हनेच डिसेंबर २०१५ मध्ये दिली होती!

मग या नुकसानीला जबाबदार कोण? कंपनीचे उत्तर अनेक वर्षे ठरलेले होते: सावध राहणे तुमचे काम, गेलेली वस्तू परत मिळणार नाही. गेलेल्या वस्तूची दुसरी प्रत काढून दिली, तर मालाची संख्या वाढून इतरांच्या वस्तूंची किंमत घसरते, असे कारणही त्यासाठी दिले गेले. कारण खोटे नव्हते. पण त्याने जबाबदारी संपत नाही. या खेळातल्या वस्तूंच्या स्टीमवरील प्रत्येक विक्रीमागे १५ टक्के अडत कंपनीच घेते. बाजार तिचा, तराजू तिचा, खातेवहीही तिचीच! करारात ती वर बजावते की, वस्तू तुमची नव्हे, तुम्हाला केवळ वापराचा परवाना आहे. नफ्याच्या वेळी मालक आणि तोट्याच्या वेळी तिऱ्हाईत, हा कुठला न्याय?

वस्तू आभासी आहे, ही सबब तर केव्हाच निकालात निघाली आहे. एका मुलाला मारहाण करून ‘रूनस्केप’ या खेळातल्या त्याच्या वस्तू बळकावणे ही चोरीच होय, असा निर्वाळा नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१२ रोजी दिला.

खेळाडूचा दोष आम्ही नाकारीत नाही. लोभापायी आपल्या हाताने तिजोरीची किल्ली देणाऱ्याने आपला वाटा उचललाच पाहिजे. पण वाटा म्हणजे सारा भार नव्हे! रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांसाठी घालून दिलेला दंडक पाहा: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. दोष दोघांचाही नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर कसलाच भार नाही.

गेल्या वर्षांत जे अशक्य म्हटले गेले, ते जुलै २०२५ मध्ये व्हॉल्व्हनेच करून दाखवले. ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये हस्तांतरित झालेली वस्तू सात दिवस पुढे सरकवता येत नाही, आणि तेवढ्या मुदतीत मूळ धनी व्यवहार उलटवू शकतो. प्रत काढावी लागत नाही, कोणाची किंमत घसरत नाही! अर्थात वस्तूचे पैसे बाहेरच्या बाहेर घेऊन मग व्यवहार उलटवणारा भामटाही निपजू शकतो; म्हणून तक्रारींची चौकशी माणसांनीच केली पाहिजे.

ज्याच्या हाती कुलूप आणि ज्याच्या गल्ल्यात अडत, राखणही त्यानेच केली पाहिजे. ही जबाबदारी कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने त्यांच्या गळ्यात बांधा, एवढेच आमचे मागणे आहे!