फोटो हवा, मग पैसे का नकोत?



तुमच्या रविवारच्या पुरवणीतला श्रीलंका सहलीवरचा लेख वाचून संताप आला. गालचा किल्ला आणि चहाचे मळे यांचे पानभर कौतुक, आणि कोग्गलाच्या किनाऱ्यावर खांबांवर बसलेल्या मच्छीमारांनी फोटोचे पैसे मागितले तर ती ‘लूट’! वर सल्लाही दिला आहे : गाडी रस्त्यावरच थांबवा, झूम लावा आणि पैसे मागायला कोणी येण्याआधी निघा. असला सल्ला तुम्ही छापलात कसा?

मागतात किती? साधारण पाचशे ते हजार श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले दीडशे ते तीनशे. विमानाने सहलीला जाणाऱ्याला एवढे जड जातात?

‘ते खरे मासे धरतच नाहीत’ ही लेखकाची दुसरी तक्रार. बरोबर आहे, बहुतेक जण आता पर्यटकांसाठीच बसतात. उथळ पाण्यात खांब रोवून, त्याच्या आडव्या दांड्यावर तोल सांभाळत गळ टाकायची ही रीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली असे सांगतात. 2004च्या त्सुनामीने तो किनारा झोडपला आणि मासळीवर पोट भरेनासे झाले. आज तो माणूस भर उन्हात दांड्यावर बसतो तो आपल्याला फोटो मिळावा म्हणून. मग तेच त्याचे काम झाले. कामाचे पैसे मागणे ही लूट कशी? लग्नात फोटो काढणाऱ्याला आपण आगाऊ रक्कम मोजतो आणि इथे चेहरा फुकट हवा!

या मच्छीमारांचा स्टीव्ह मॅककरी यांनी 1995मध्ये वेलिगमला काढलेला फोटो जगभर गाजला. त्याच मॅककरींनी 1984मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली अफगाण मुलगी जून 1985च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आली. शरबत गुला हे तिचे नाव जगाला कळायला 2002 साल उजाडले. तोपर्यंत तिने स्वतःचा तो फोटो पाहिलाही नव्हता. फोटो कोणाचा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना तरी विचारायला हवा.

पैसे गोळा करणारा मध्यस्थच बरेचसे खातो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण म्हणून खांबावरच्या माणसाला काहीच द्यायचे नाही? आधी विचारावे, रक्कम ठरवावी, मग कॅमेरा काढावा आणि शक्यतो त्याच्याच हातात पैसे द्यावेत. तो नको म्हणाला तर फोटो नाही. आपल्या सहल कंपन्या चालकाच्या आणि गाइडच्या टिपा माणशी आगाऊ घेतात, कोणी कुरकुरत नाही. त्यातच ही रक्कम धरायला काय हरकत आहे? उलट काही टूर मॅनेजर बसमध्ये बजावतात, पैसे देऊ नका, भाव वाढतात. वाढू द्या की!

आणि नुवारा एलियाच्या चहाच्या मळ्यांतल्या बायका तर मागतही नाहीत. ठरावीक किलो पाला खुडला तरच त्यांना पुरा रोज मिळतो. बसभर पर्यटकांसाठी हात थांबवून उभे राहिले की तेवढा पाला कमी. तुमच्या लेखासोबतच्या मोठ्या रंगीत फोटोत अशीच एक बाई आहे. तिला काय दिले आणि फोटो छापण्यासाठी तिला विचारले होते का, हे लेखकाला विचारा आणि याच सदरात छापा.

– एक वाचक, सांगली