माघारीचें श्रेय

क्यूबाच्या १९६२ मधील प्रकरणीं केनेडींनीं डोळे वटारले आणि क्रुश्चेव्ह दबले, असें आमचा सुशिक्षित वर्ग अद्याप मानतो. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. क्रुश्चेव्हांनीं २८ ऑक्टोबरला क्षेपणास्त्रें परत नेत असल्याचें जगजाहीर केलें. तुर्कस्तानांतून अमेरिकेचीं काढण्याचें केनेडींचें वचन मात्र गुप्त राहिलें! एकास नामुष्की, दुसऱ्यास कीर्ति. क्षेपणास्त्रें क्रुश्चेव्हांनींच तेथें धाडलीं होतीं, हा आक्षेप खरा. परंतु स्वतःचें पाऊल जगासमक्ष मागें घेणें हें भित्र्याचें काम नव्हे. आमच्या अचलपुराजवळचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजीं पडला व दोन दिवसांनीं रघूजी भोसल्यांस देवगांवीं तह करावा लागला. ती माघार युद्धानंतरची. क्रुश्चेव्हांनीं ती युद्ध पेटण्यापूर्वीं घेतली. अणुबाँब पडल्यावर तहास देवगांव तरी कोठें उरतें?