लिनक्स नवशिक्यांचेही आहे

‘लिनक्स हे इंजिनिअर लोकांचे काम, साध्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये,’ हा पूर्वपक्ष अनेकदा ऐकू येतो. तो मांडणाऱ्याच्या खिशात बहुधा अँड्रॉइड फोन असतो आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. फोन अवघड वाटत नाही, कारण प्रणाली त्यात आधीच टाकलेली असते. विंडोज तरी किती जणांनी स्वतः टाकले आहे? भीती आहे ती प्रणाली टाकण्याची, आणि आळ मात्र लिनक्सवर येतो.

ही भीती अगदी निराधार नाही. टाकताना चुकीचा पर्याय निवडला तर डिस्कवरचे सगळे पुसले जाते, म्हणून फोटो आणि कागदपत्रांची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवलीच पाहिजे. पण टाकण्याची घाई कोणी सांगितली? लिनक्सचे मिंट किंवा उबुंटू हे रूप पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, मराठी टाइप होते का, हे सारे हार्डडिस्कला हात न लावता पाहता येते. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा. जुनी प्रणाली जागच्या जागी असते. विकत घेण्याच्या प्रणालीत इतकी मोकळीक कुठे मिळते?

दुसरा आक्षेप खुद्द लिनक्सच्या चाहत्यांकडून येतो आणि मला तो अधिक घातक वाटतो. लिनक्सचे आर्च हे रूप घ्या, टर्मिनलमध्ये एकेक आज्ञा देऊन प्रणाली स्वतः उभारा, तरच शिकलात, असे ते नवख्याला बजावतात. आर्च उत्तम आहे, त्याची माहितीपानेही उत्तम आहेत. पण शिकणे गरजेतून होते. महिनाभर मिंटवर पत्रे लिहिणाऱ्याला खालची पट्टी वर हवीशी वाटेल, अक्षर मोठे हवेसे वाटेल, तेव्हा तो ते बदलेल. प्रणालीत मोठा फेरफार करण्याआधी टाइमशिफ्ट या साधनात स्थिती जपून ठेवली, तर बिघडलेली प्रणाली पूर्ववत करता येते. लिनक्सच्या गाभ्याला १९९२ पासून जीपीएल परवाना आहे. तो वापरण्याचा आणि बदलण्याचा अधिकार देतो, आणि त्यात अनुभवाची अट नाही. मग ही अट घालणारे आपण कोण?

एक आक्षेप मात्र खरा आहे. पेजमेकर आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टवर ज्यांचे पोट आहे, त्या डीटीपीवाल्यांनी कामाचे मशीन बदलू नये. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला ही अडचण नाही; इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर मिळतो, लिबरऑफिस मराठीत चालते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले तर अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत. ती काही इंजिनिअर नव्हेत.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नसलेली जुनी मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तसा लॅपटॉप घरात असेल आणि त्यात ४ जीबी रॅम असेल, तर तो भंगारात देऊ नका. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या आणि या रविवारी चालवून पाहा.